कारभाऱ्याकडे हिशेब मागणे

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३०, १ शमुवेल ३:११-१४, १ शमुवेल १२:१-५, लूक १६:१-२, रोमकरांस पत्र १३:१-७, प्रेषितांची कृत्ये १६:३५-४०

राज्यकर्त्यांच्या चुकांविषयी आपल्या घरांत बोलणे पुष्कळ होते. वर्तमानपत्र खाली ठेवताना आपण म्हणतो, "सगळे सारखेच." रविवारी उपासनेत त्याच राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते व आपण मोठ्याने "आमेन" म्हणतो. या कुरकुरीच्या व प्रार्थनेच्या मध्ये आणखी एक काम आहे, ते बहुधा कोणीच करीत नाही. ते काम हिशेब मागण्याचे आहे.

या पाठात आपण तीन प्रश्नांचा विचार करू. मंत्र्याकडे हिशेब मागणे शास्त्राला धरून आहे काय? मंत्री स्वतःच्या वर्तनाबद्दल जबाबदार आहेच. पण त्याच्या खात्यात दुसऱ्याच्या हातून जे घडते त्याबद्दलही त्याला जबाबदार धरावे काय, व कोठवर? आणि ख्रिस्ती माणसाने हा हिशेब कोणत्या रीतीने मागावा?

१. अधिकारी हा सेवक आहे

पुष्कळ विश्वासणारे येथे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतात. अधिकार देवाकडून आहे, म्हणून अधिकाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे देवाला विरोध करणे, असा त्यांचा समज असतो. पण हा अध्याय सावकाश वाचावा. चौथ्या वचनात पौल अधिकाऱ्यासाठी जो शब्द वापरतो तो मूळ ग्रीक भाषेत 'दियाकोनोस' असा आहे. मंडळीतील 'डीकन' हा शब्द त्यातूनच आला. त्याचा साधा अर्थ सेवक, चाकर. पौलाने अधिकाऱ्याला उंच बसवले खरे, पण बसवताना त्याला धनीही नेमून दिला. ज्याला धनी आहे त्याला हिशेब आहे. शिवाय हा सेवक कशासाठी नेमला आहे तेही पौल सांगतो : लोकांच्या बऱ्यासाठी. तेव्हा लोकांचे बरे झाले की वाईट, हे पाहणे म्हणजे अधिकाराचा अपमान नव्हे. अधिकार ज्या कामासाठी दिला त्याच कामाची ती तपासणी आहे.

हाच पौल फिलिप्पै शहरात कसा वागला ते पाहा. तेथील अधिकाऱ्यांनी चौकशी न करता त्याला व सीला यांना उघड्यावर फटके मारवले व तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायांकरवी निरोप धाडला की या माणसांना सोडून द्या. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणून मुकाट्याने निघून गेला असता. पौलाने तसे केले नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला चौकशीवाचून मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. अधिकारी घाबरले, स्वतः आले व त्यांनी विनवणी केली. पौलाने यात सूड घेतला नाही, पैसे मागितले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. उघड्यावर झालेल्या अन्यायाचे उत्तर उघड्यावर मिळावे एवढेच त्याने मागितले. आपल्यामागे त्या शहरात लुदियेच्या घरी नवी लहानशी मंडळी राहणार आहे, याची त्याला जाणीव असावी. उद्या तिला कोणी विनाकारण त्रास देऊ नये, यासाठी हा आग्रह उपयोगी होता.

आपल्या देशाच्या राज्यघटनेतही हाच विचार कायद्याच्या शब्दांत आला आहे. केंद्रातील मंत्रिमंडळ लोकसभेला व राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिक रीतीने जबाबदार आहे, असे अनुच्छेद ७५ व १६४ सांगतात. पद घेताना प्रत्येक मंत्री शपथ घेतो की आपण भय, पक्षपात, लोभ अथवा आकस न धरता सर्व प्रकारच्या लोकांना न्यायाने वागवू. शपथ घेतलेल्या माणसाला तिची आठवण देणे हा राजद्रोह कसा होईल?

२. पहिला हिशेब : स्वतःच्या हाताचा

शमुवेल म्हातारा झाला व राज्यकारभार शौलाच्या हाती गेला, तेव्हा त्याने सर्व इस्राएलाला एकत्र बोलावले आणि स्वतःच आपला हिशेब मांडला. मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला नाडले, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले, ते परमेश्वरासमोर व त्याच्या अभिषिक्तासमोर सांगा, असे त्याने लोकांना आव्हान दिले. लोकांनी साक्ष दिली की असे काही झाले नाही. ध्यानात घ्या, आयुष्यभर देवाची सेवा केलेल्या संदेष्ट्यालाही 'माझे देव जाणतो' एवढे म्हणून थांबावेसे वाटले नाही. त्याने लोकांना विचारले, आणि नेमक्या वस्तूंची नावे घेऊन विचारले.

महाराष्ट्रात असा प्रश्न एका मुख्यमंत्र्यांना विचारला गेला. बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते व बाजारात त्याची मोठी टंचाई होती. एखाद्या गरिबाला घराची भिंत बांधायला दहा पोती हवी असली तर परवान्यासाठी खेटे घालावे लागत. अशा वेळी मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व इतर काही न्यास उभे राहिले आणि त्यांच्याकडे देणग्या जमू लागल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मधून हे प्रकरण उघडकीस आणले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निर्णय दिला. बांधकाम करणाऱ्यांनी दिलेल्या देणग्या व त्यांना मिळालेले सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध आहे, असे त्यांनी म्हटले. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

या प्रकरणात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, पैसा न्यासासाठी होता, कलावंतांच्या व गरजूंच्या मदतीसाठी होता, असे सांगितले जात होते. उद्देश चांगला असला म्हणजे मार्ग शुद्ध होतो काय? शमुवेलाने 'मी बैल घेतला तो कशासाठी घेतला' असे विचारले नाही. 'घेतला काय' असे विचारले. दुसरी गोष्ट अशी की, अंतुले यांच्यावरील फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे वरच्या न्यायालयांत फिरत राहिला आणि ते नंतर केंद्रात मंत्रीही झाले. पद सोडणे आणि गुन्हेगार ठरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. गुन्हा शाबीत करण्यास न्यायालयाला निःसंशय पुरावा लागतो, आणि तसा तो लागलाच पाहिजे. पण लोकांचा कारभारी राहण्यास निर्दोष सुटणे एवढे पुरेसे नाही. लूक १६ मधील धन्याने कारभाऱ्याविषयी तक्रार ऐकताच आधी त्याचा हिशेब मागितला व कारभार त्याच्या हातून काढला.

३. दुसरा हिशेब : खात्याचा

आता अधिक कठीण प्रश्नाकडे येऊ. मंत्र्याने स्वतः एक पैसाही खाल्ला नाही, पण त्याच्या खात्याच्या निष्काळजीपणाने माणसे मेली, तर काय?

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारकुट्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने एखाद्या माणसाला हुंदाडून मारले, तर बैलाला धोंडमार करावा व मालक निर्दोष सुटावा. पण तो बैल पूर्वीपासूनच मारका असेल, मालकाला तसे कळवलेले असेल आणि तरी त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मात्र मालकाच्या माथी दोष येतो, आणि तो दोष थेट प्राणदंडापर्यंत जातो. अध्यायाच्या शब्दांत किती न्याय भरला आहे! शिंग मालकाचे नव्हते. मालक कदाचित त्या दिवशी गावातही नसेल. तरी तीन गोष्टी एकत्र आल्या की तो जबाबदार होतो : धोका जुना होता, त्याला इशारा मिळाला होता, आणि बांधून ठेवणे त्याच्या हाती होते.

याच मापाने देवाने एलीचा न्याय केला. शिलो येथे यज्ञाचे मांस ओरबाडून घेणारे हात त्याचे नव्हते, त्याच्या मुलांचे होते. एलीला ते ठाऊक होते. त्याने मुलांना दोन शब्द सांगितलेही. पण त्याने त्यांना आवरले नाही, त्यांच्याकडून काम काढून घेतले नाही. देवाने शमुवेलाच्या द्वारे जो निर्णय कळवला त्याचा आधार नेमका हाच होता की त्याला माहीत असून त्याने आवरले नाही. कानउघाडणी केली म्हणून एली सुटला नाही. अधिकार असलेल्या माणसाचे काम नुसते बोलण्याने पुरे होत नाही.

या मापाने मुंबईतील एका घटनेकडे पाहू. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारी महिन्यांत जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. मेंदूची सूज अथवा डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल हे औषध देण्यात आले होते. ते ग्लिसरॉल औषधी प्रतीचे नव्हते. कारखान्यात वापरण्याच्या प्रतीचे होते आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे विष मिसळलेले होते. हे विष मूत्रपिंडे निकामी करते. रोगी बरे होण्यासाठी आले होते. जे. जे. हे सरकारी रुग्णालय. तेथे येणारा माणूस बहुतेक गरीब. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तपासण्याचे साधन त्याच्यापाशी कोठून असणार? त्याच्या वतीने तपासण्याचे काम सरकारने अंगावर घेतलेले होते.

चौकशीसाठी एकसदस्य आयोग नेमला गेला, आणि योगायोग असा की त्यावर आले तेच न्यायमूर्ती लेंटिन. सिमेंटच्या प्रकरणात त्यांच्यापुढे मंत्र्याच्या स्वतःच्या हाताचा प्रश्न होता; येथे खात्याचा प्रश्न होता. त्यांनी रोग्याच्या खाटेपासून सुरुवात करून एक एक पायरी वर जात शोध घेतला. औषध विकत कसे घेतले, पुरवठादार कसा निवडला, तपासणी का झाली नाही, परवाने देणारे अन्न व औषध प्रशासन काय करीत होते, आणि त्या प्रशासनाच्या कामात वरून कोण हात घालीत होते, हे सर्व त्यांच्या अहवालात आले. मंत्र्यांच्या ढवळाढवळीवरही त्यांनी कडक ताशेरे ओढले. १९८८ साली अहवाल विधिमंडळापुढे आल्यावर भाई सावंत यांना मंत्रिपद सोडावे लागले.

कोणी म्हणेल, मंत्र्याने थोडेच विष मिसळले? खरे आहे. पण बैलाचा नियम लावून पाहा. धोका जुना होता काय? या विषाने १९३७ साली अमेरिकेत एका औषधातून शंभरावर माणसे मेली होती व त्यानंतर लगेच, १९३८ साली, तेथे औषधांचा नवा कायदा झाला. म्हणजे जे. जे. च्या आधी जवळजवळ पन्नास वर्षे जगाला इशारा मिळालेला होता. बांधून ठेवणे हाती होते काय? त्यासाठीच तर संपूर्ण प्रशासन पगारावर ठेवलेले होते. मग ज्या निरीक्षकाने बैल बांधायचा, त्याच्या हातातील दोर वरून कोणी सैल केला असेल, तर त्याला हिशेब चुकणार नाही.

येथे न्यायाची दुसरी बाजूही सोडू नये. ज्या घटनेची पूर्वकल्पना नव्हती, जेथे इशारा नव्हता, तेथे नियमशास्त्र मालकाला मोकळे सोडते. प्रत्येक अपघाताला मंत्र्याचे डोके मागणे हाही अन्यायच. म्हणून राग येण्याआधी आपण तीन प्रश्न विचारावे : हे पूर्वी घडले होते काय? त्याला कळवले होते काय? ते थांबवणे त्याच्या अधिकारात होते काय?

४. आपल्या दाराशी

हा पाठ लिहिताना सुरतेचा विचार मनात येणे साहजिक आहे. इच्छापोरपासून हजिऱ्यापर्यंत मोठमोठे कारखाने आहेत, आणि सुरत शहरात खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. कारखान्यांची तपासणी, प्रदूषणावर नजर, इमारतींना अग्निशमनाचा दाखला ही खाती त्यांच्यासाठी कागदावरची नाहीत. घरचा माणूस संध्याकाळी परत येतो की नाही, हे त्या खात्यांच्या कामावर अवलंबून आहे.

२४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. बाहेर पडण्यास धड वाट नव्हती. मुलांनी खाली उड्या टाकल्या. बावीस जीव गेले. बांधकाम करणारे, वर्ग चालवणारा व पालिकेचे काही अधिकारी यांच्यावर कारवाई झाली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे : नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कठड्याची आठवण त्या दिवशी अनेकांना झाली असेल.

त्यानंतर पाच वर्षे व एक दिवस गेला. २५ मे २०२४ रोजी याच राज्यात राजकोट येथे खेळांच्या एका केंद्राला आग लागून सत्तावीस माणसे मेली. त्या केंद्रापाशी अग्निशमनाचा ना-हरकत दाखला नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले व कडक शब्द वापरले. सुरतेच्या आगीच्या वेळी कदाचित कोणी म्हटले असेल की असे होईल हे ठाऊक नव्हते. राजकोटच्या वेळी ते म्हणता येत नाही. बैल मारका आहे हे सुरतेतल्या बावीस घरांनी कळवून ठेवले होते. म्हणून आपला प्रश्न खालच्या पायरीवर निलंबित झालेल्या अधिकाऱ्यांपाशी थांबू नये. २०१९ नंतर खात्याने किती इमारती तपासल्या, किती बंद केल्या, किती अधिकारी नेमले, हे त्या खात्याच्या मंत्र्याला विचारले पाहिजे.

जे. जे. मधील विषाचेही तेच. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात तेच डायइथिलीन ग्लायकॉल सापडले आणि वीसहून अधिक बालके दगावली. आजारी मुलांपैकी कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. जे. जे. च्या चौकशीनंतर मुंबईत एक न्यायाधीश जे लिहून गेले, त्याचे काय झाले? अहवाल कपाटात गेला म्हणजे बैल पुन्हा मोकळा सुटतो.

५. राजीनामा म्हणजे हिशेब काय?

लालबहादूर शास्त्री यांचे उदाहरण आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. ते रेल्वेमंत्री असताना १९५६ साली महबूबनगरजवळ मोठा अपघात झाला. त्यांनी राजीनामा दिला; पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तामिळ प्रदेशात अरियलूरजवळ पुन्हा अपघात झाला व दीडशेच्या सुमारास माणसे गेली. या खेपेस शास्त्रींनी पुन्हा राजीनामा दिला व तो स्वीकारला गेला. पहिल्या घटनेनंतर दुसरी घडली याचे ओझे त्यांनी स्वतः उचलले. कोणी ढकलल्यावाचून खुर्चीवरून उठणारी अशी माणसे थोडीच असतात, आणि त्यांचा मान राखावा.

परंतु राजीनाम्याने सर्व काही मिटते, ही समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा महाराष्ट्राचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला व मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही पद सोडावे लागले. एका वर्षाच्या आत पाटील पुन्हा त्याच खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या सचोटीविषयी येथे काही म्हणायचे नाही. सांगायचे आहे ते इतकेच की खुर्ची रिकामी होणे व पुन्हा भरणे यावरून लोकांना काही कळत नाही. त्या हल्ल्यानंतर पोलीस यंत्रणेच्या कामगिरीची चौकशी करण्यास राम प्रधान समिती नेमली गेली. आपल्या कामाचा प्रश्न तो होता : सूचना आल्या होत्या त्यांचे काय झाले, हत्यारे व साधने पुरेशी होती काय, पुढे काय बदलले?

लूक १६ मधील धनी कारभाऱ्याला नुसते 'जा' म्हणत नाही. जाण्याआधी हिशेब मांड, असे म्हणतो. हिशेबात आकडे असतात, कागद असतात, काय चुकले ते असते व पुढे काय करायचे तेही असते. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या वाटणीत दुर्लक्ष होते अशी तक्रार आली (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही आणि स्वतः रागाने पद सोडूनही गेले नाहीत. त्यांनी सात जण नेमून व्यवस्था सुधारली. खात्याच्या हिशेबाचा शेवट असा झाला पाहिजे.

६. हिशेब कोणत्या रीतीने मागावा

(अ) खरे जाणून घेऊन मागावा. निर्गमाचा तेविसावा अध्याय खोटी बातमी पसरवू नको अशी ताकीद देतो. आज एका बोटाने शंभर घरांत अफवा जाते. मंत्र्याविषयीची असली म्हणून अफवा पुण्यकर्म होत नाही. कोणते काम केंद्राचे, कोणते राज्याचे, कोणते पालिकेचे अथवा ग्रामपंचायतीचे, हे आधी समजून घ्यावे. रस्त्यावरच्या दिव्यासाठी मुख्यमंत्र्याला शिव्या देणारा माणूस खऱ्या जबाबदाराला मोकळा सोडतो.

(ब) नेमलेल्या मार्गाने मागावा. विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास असतो. आपल्या आमदाराने मंत्र्याला काय विचारावे हे आपण त्याला लिहून कळवू शकतो. सरकारी खर्चावर महालेखापरीक्षकांचा अहवाल व लोकलेखा समिती असते. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने साध्या कागदावर अर्ज करून कोणीही नागरिक माहिती मागू शकतो, व तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. जीविताचा अथवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत अठ्ठेचाळीस तासांची आहे. मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी महाराष्ट्राने १९७१ साली व गुजरातने १९८६ साली लोकायुक्ताचा कायदा केला. पण गुजरातेत २००३ पासून सुमारे दहा वर्षे ते पद रिकामे राहिले. यहेज्केलाच्या ग्रंथात पहारेकऱ्याची जबाबदारी सांगितली आहे; बुरुजावर पहारेकरीच नसेल तर इशारा कोण देणार? कायदा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. जागेवर माणूस आहे काय, हेही विचारावे.

असे मार्ग बुजले म्हणजे काय होते, तेही गुजरातने पाहिले आहे. १९७३ च्या अखेरीस अहमदाबादेत विद्यार्थ्यांच्या भोजनखर्चाच्या वाढीवरून जो असंतोष सुरू झाला, त्याचे नवनिर्माण आंदोलन झाले. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पद सोडावे लागले. पण त्या वेळी गोळीबार, संचारबंदी व जाळपोळ यांत अनेक घरांतील मुले गेली. वेळच्या वेळी व रीतीने हिशेब मागणे हे शांतीचेच काम आहे.

(क) पक्षपात न करता मागावा. आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा, आपल्या मंडळीला जागा मिळवून देणारा मंत्री चुकला की आपण गप्प, आणि दुसरा चुकला की आपण संदेष्टे! लेवीय १९:१५ गरिबाचा पक्ष घेण्यासही मना करते व थोराची भीड धरण्यासही. नाथान दाविदाच्या घरचाच होता, त्याच्या पंक्तीतला होता; म्हणूनच त्याच्या बोलण्याला धार होती.

(ड) प्रार्थना करून मागावा. १ तीमथ्य २ मध्ये राजांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. ज्याच्यासाठी आपण खरोखर प्रार्थना करतो त्याचा नाश व्हावा असे आपल्याला वाटत नाही, आणि तो अन्यायात बुडत असताना आपल्याला स्वस्थही बसवत नाही.

७. चिठ्ठीचा प्रश्न

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलाला प्रवेश हवा, बदली हवी, शाळेचे अनुदान अडले आहे, की आपण मंत्र्याच्या ओळखीचा माणूस शोधतो. वर्धापनदिनाला त्याला बोलावतो, हार घालतो, व्यासपीठावर पाळकसाहेबांच्या शेजारी बसवतो, आणि जाताना हातात अर्ज देतो. आपला अर्ज न्याय्य असेलही. पण चिठ्ठीने काम झाले तर रांगेत उभ्या असलेल्या कोणाचे तरी काम मागे पडले. सिमेंटच्या दिवसांत हेच झाले होते, फक्त पोत्यांची संख्या मोठी होती. ज्याच्या चिठ्ठीवर आपण जगतो, त्याच्याकडे हिशेब मागण्यास आपली जीभ उचलत नाही.

आणि ज्या मंडळीत वार्षिक सभेला जमाखर्च वाचून दाखवला जात नाही, प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला 'अविश्वासू' म्हणून बसवले जाते, तिने राज्याला काय सांगावे? पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती पोहोचवण्यास मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही योग्य ते दिसावे, अशी त्याची काळजी होती (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषित जर रकमेचा हिशेब द्यायला तयार होता, तर खजिनदाराने व पंचांनी त्यात कमीपणा मानू नये. मंडळीच्या सभेत ज्याला प्रश्न विचारण्याची व उत्तर ऐकून घेण्याची सवय लागली, तोच ग्रामसभेत उभा राहून शांतपणे प्रश्न विचारू शकेल.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. मारकुट्या बैलाच्या नियमातील तीन गोष्टी सांगा. आपल्या गावात अलीकडे घडलेल्या एखाद्या दुर्घटनेला त्या लावून पाहा. दोष कोणत्या पायरीपर्यंत जातो?

२. एलीने मुलांना समजावले तरी तो दोषी का ठरला?

३. फिलिप्पै येथील पौलाचा आग्रह व रोमकरांस पत्र १३ यांचा मेळ कसा घालाल?

४. गेल्या वर्षभरात आपण कोणाची चिठ्ठी मागितली काय? तिच्यामुळे कोण मागे पडले असेल?

५. आपल्या मंडळीचा जमाखर्च शेवटचा केव्हा वाचला गेला? तरुण संघाने व महिला मंडळानेही आपापला हिशेब तपासावा.

६. आपल्या आमदाराला विचारण्याजोगा एक नेमका प्रश्न ठरवा, तो पत्रात लिहा व आलेले उत्तर पुढील सभेत वाचा.

प्रार्थना

हे न्यायी व दयाळू पित्या, तू सर्व अधिकार नेमतोस आणि सर्व अधिकाराचा हिशेबही घेतोस. आमच्या देशाच्या व राज्याच्या मंत्र्यांना तुझे भय दे. इशारा मिळाला असता तो ऐकणारे कान व बैल बांधणारे हात त्यांना दे. ज्या घरांतून औषधाने, आगीने व निष्काळजीपणाने माणसे गेली, त्या घरांचे सांत्वन कर. आमच्या मुखातील खोटे व मनातील आकस काढून टाक. आमचे स्वतःचे हिशेब सरळ ठेव आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य आम्हांला दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.